गोळीचं वजन

बर्फाचा कारखाना बंद पडून सात वर्षं झाली होती, पण त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नसायची. पोत्यांवर, विटांवर, घरून आणलेल्या पाटांवर माणसं दाटीवाटीने बसलेली असत. त्यात हमाल होते, शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, गुडघे गेलेला बस कंडक्टर होता, दिवसभर भट्टीसमोर उभा राहणारा पाववाला होता. प्रत्येकाचं काही ना काही दुखत होतं, आणि ते घेऊनच ती आली होती.

समोर फळ्यांचा ओटा, ओट्यावर खुर्ची, आणि खुर्चीवर हलकेबाबा. माणूस पन्नाशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला. भस्म नाही, जटा नाहीत. "मी काही साधुबिधू नाही," तो आधीच सांगून टाकायचा, आणि लोक तेवढ्यावरच अर्धे विरघळायचे.

"बोला, काय काय दुखतं?"

"कंबर!"

"मान!"

"गुडघे, दोन्ही!"

"बायको!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि शेडभर हशा पिकला.

हलकेबाबाही हसला. "तिला पुढच्या वेळी घेऊन ये. तिचं काय दुखतं ते तिलाच विचारू." मग त्याने आवाज खाली आणला. "दुखणं म्हणजे काय रे बाबांनो? जडपण. माणूस जन्मतो तेव्हा हलका असतो. पुढे चिंता साठते, राग साठतो, मीपणा साठतो. हे सगळं हाडांत उतरतं. मी काय करतो? ते तुमच्यातून ओढून घेतो आणि गोळीत कोंडतो. गोळी जड, माणूस हलका! खोटं वाटतं? वाटू द्या. माझ्या शब्दावर विश्वास ठेवूच नका. काट्यावर ठेवा. काटेमामा, या हो वर."

पहिल्या रांगेतून एक सत्तरीचा माणूस उठला. शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या लेकीने ओठ घट्ट मिटले.

काटेमामांना बाजारात ओळखत नाही असा माणूस नव्हता. पंचेचाळीस वर्षं त्यांनी त्या बाजारातले तराजू दुरुस्त केले होते, वजनं तपासली होती. एकदा सगळ्यात मोठ्या धान्यवाल्याचं पाच किलोचं वजन त्यांनी भर गिऱ्हाइकांसमोर त्याच्या हातात परत दिलं होतं, "शेठ, हे चाळीस ग्रॅमने उपाशी आहे" असं म्हणून. धान्यवाला वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, पण वजन दुरुस्तीला त्यांच्याकडेच पाठवत राहिला.

टेबलावर काचेच्या पेटीतला नाजूक तराजू होता. काटेमामांच्याच दुकानातला. त्यांनी पेटी उघडली, दांडी स्थिर होऊ दिली. मग एका पारड्यात पिठाची गोळी ठेवली, दुसऱ्यात हलकेबाबाची. दोन्ही एकाच साच्यातल्या, वाटाण्याएवढ्या, काळपट रंगवलेल्या. हलकेबाबाचं पारडं सावकाश खाली गेलं. काटेमामांनी गोळ्यांची अदलाबदल केली, कारण पारडी न बदलता वजन सांगणं त्यांना पाप वाटायचं. आता दुसरं पारडं खाली गेलं.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "गोळी जड आहे."

शेडमधून एक सुस्कारा उमटला.

"आता ज्यांचा भार उतरलाय ते उठा," हलकेबाबा म्हणाला.

आठ जण उभे राहिले आणि त्यांनी एकेक हात खांद्यासमोर ताठ धरला. मनगटापासून पुढचा पंजा मात्र खाली लोंबत होता, दोरीवर टाकलेल्या ओल्या फडक्यासारखा. "उचला बघू!" हलकेबाबाने हुकूम सोडला. आठही जणांच्या दंडांच्या शिरा फुगल्या, एकाच्या कपाळावर घाम आला. पंजा इंचभरही वर आला नाही.

"बघा! मान झुकवणं सोपं आहे. सासऱ्यासमोर जावईही झुकवतो. हात झुकतो तो मात्र आपोआप. मी-मी म्हणणारं सगळं बोटांत असतं. ते गेलं की हात असा नम्र होतो. हे नाटक करता येतं का? करून दाखवा कुणीतरी!"

लेक युक्ती शोधायला आली होती. टेबलाखाली लोहचुंबक असेल म्हणून ती वाकून पाहून आली होती. तराजू तर आदल्याच दिवशी तिने स्वतः पुसून, तपासून दिला होता. ती वडिलांबरोबर दुकान चालवायची. ते जुने दांडीचे तराजू बघायचे, ती नवे बॅटरीवरचे. तराजूत काही खोट नव्हती. मग उरले ते आठ जण, आणि ते नक्कीच ठरवून बसवलेले असणार. गोळीत पीठ, काजळी आणि वजनाला थोडी चिकणमाती असणार. म्हणजे काहीच नसणार.

"काहीच नसणार" असं तिने ठरवलं, आणि ती निर्धास्त झाली. त्या सकाळी शेडमधल्या दोनशे माणसांची जी चूक होत होती, तिच्यापेक्षा ही चूक लहान नव्हती.

परतताना तिने विषय काढलाच.

"बाबा, तुम्ही त्याचे साक्षीदार कशाला होता?"

"मी साक्ष त्याची नाही दिली. काट्याची दिली."

"लोकांना फरक कळतो का?"

"मला रात्री झोप लागते गं," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं वजनं उचलून कंबरेचं भुस्काट झालंय. तुझ्या डॉक्टरांनी पट्टा दिला, मलम दिलं, शेक सांगितला. याच्या गोळीने तासाभरात दुखणं पळतं. तुला ते भोंदूपण वाटतं. वाटू दे."

"मानसिक असतं ते."

"मग माझं मन हुशार आहे म्हणायचं," काटेमामा म्हणाले, आणि दोघंही हसली. त्या हसण्यावर विषय संपला. पुढे कितीतरी दिवस तिला तो तिथेच संपल्याचं आठवत राहिलं.

*

पहिला चिमटा पडला तो चार महिन्यांनी. मिलिग्रॅमची वजनं नखाएवढ्या पत्र्याची असतात, ती हाताने उचलत नाहीत, चिमट्याने उचलतात. काटेमामांचा चिमटा एका दिवसात तीनदा पडला. "बोटांना झोप आलीय," ते म्हणाले. मग सदऱ्याची बटणं लागेनात. मग जेवण जाईना, चार-चार दिवस पोट साफ होईना, आणि अधूनमधून पोटात असा पीळ पडायचा की दुकानाच्या फरशीवर ते गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचे. चेहरा राखेसारखा झाला.

आणि एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. उजवा हात समोर धरलेला. पंजा लोंबत होता.

"पोरी," ते म्हणाले, "मला मिळालं."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता.

तिने तो हात हातात घेतला, तळवा वर उचलून सरळ केला, आणि सोडला. तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. जगातली कितीही माणसं नाटक करत असली तरी हा माणूस करत नव्हता. आणि हा करत नव्हता, म्हणजे ते आठ जणही करत नव्हते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मनगट पाहिलं, पोट दाबलं, मग ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीने आखल्यासारखी.

"काम काय करता?"

"तराजूचं. वजनं तपासतो, दुरुस्त करतो."

"वजनात शिसं असतं?"

"लोखंडी वजनाच्या बुडाला खाच असते," लेकीने सांगितलं. "वजन कमी भरलं की तिच्यात शिसं वितळवून ओतायचं, जास्त झालं की कोरून काढायचं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग शोधायला लांब जायला नको. शिशाची विषबाधा. पोटातला पीळ त्याचाच, हा हातही त्याचाच. मनगट उचलणाऱ्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मारते ती." रक्ताच्या तपासणीत शिसं पाचाच्या आत असायला हवं होतं. ते एकशे अठरा निघालं.

"आणखी काही औषध घेता? गोळ्या, चूर्ण, काही?"

"नाही," काटेमामा म्हणाले.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. गोळीचं नाव बाहेर काढलं की गुण जातो, असं हलकेबाबाने सगळ्यांना बजावलं होतं. ती सांगू शकली असती. पण त्या पीठ-काजळीच्या गोळ्यांचं काय सांगायचं, असं तिला वाटलं, आणि वर लाजही वाटली. काटेमामांचं घर आणि असल्या नादाला! ती गप्प बसली.

आठ दिवस त्यांना ठेवून घेतलं, औषध दिलं, आकडा थोडा उतरला. "दुकानात पाऊल टाकायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काटेमामांचं स्टूल रिकामं राहिलं. लेकीने शिशाच्या विटा, पळी, बर्नर सगळं परसातल्या खोलीत बंद केलं, फरशी तीनदा धुतली. त्यांच्यासाठी जे करता येईल ते केलं, असं तिला वाटलं.

दुकान नाही, मग दिवस कसा काढायचा? काटेमामा आता रोज शेडमध्ये जाऊन बसायचे. दोनाऐवजी पाच-पाच गोळ्या घ्यायचे. एखादी चुकली की अंग मोडून यायचं, नाकातून पाणी गळायचं, जांभयांवर जांभया. "दुखणं परत यायला बघतंय," हलकेबाबा सांगायचा. "दार उघडं ठेवू नका."

दीड महिन्याने पुन्हा रक्त घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मागचा कागद काढून नव्याच्या शेजारी ठेवला.

"एकशे एकेचाळीस."

"वाढलं?"

"दुकानात गेले होते?"

"एकदाही नाही. किल्ली माझ्याकडे आहे."

"तुम्हीही त्याच दुकानात बसता ना? त्याच धुळीत, त्याच हवेत? बाही वर करा."

तिच्या रक्तात शिसं नऊ निघालं. असावं त्यापेक्षा थोडं जास्त, धंद्यातल्या माणसाला शोभेल एवढं. एकाच दुकानात दोन माणसं, आणि जो दुकानात जात नाही त्याचा आकडा जी जाते तिच्या पंधरापट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी चुकले. तराजू समोर दिसला आणि मी पुढे विचारलंच नाही. शिसं दुकानातून येत नाहीये. ते यांच्या पोटात जातंय, तोंडावाटे, रोज."

लेकीला तेव्हा आत्याचा हात आठवला.

काटेमामांची धाकटी बहीण कपडे शिवायची. उभ्या जन्मात तिने शिशाला हात लावला नव्हता. शेडमध्ये दर रविवारी ती भावाशेजारी बसायची, आणि गेल्या महिन्यात तिचाही हात लोंबू लागला होता. फक्त बाकी सगळ्यांचा उजवा, आणि तिचा डावा. त्यावर हलकेबाबाने भर सभेत पाच मिनिटं खर्च केली होती: उजवा हात घेणाऱ्याचा, डावा हात सोडणाऱ्याचा, या ताईने सगळं सोडलं!

"आत्या डावरी आहे," लेक म्हणाली. "कात्री डाव्याने धरते."

"ज्या हाताला काम जास्त, तो आधी जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी किती जण आहेत असे?"

"मी मोजले तेव्हा आठ होते."

मग तिने सगळं सांगितलं. शेड, गोळी, तासाभरात पळणारं दुखणं, गळणारं नाक, जांभया. ऐकता ऐकता डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरत गेला.

"ती अफू आहे," त्या म्हणाल्या. "आणि अफू वजनावर विकतात."

*

आत्याने गोळ्यांचा डबा छातीशी धरला.

"देणार नाही. तुला त्याची चेष्टा करायचीय."

"आत्या, तुझं शिवणयंत्र किती दिवस बंद आहे?"

"हात नम्र झालाय माझा."

"ब्लाउजाची बाही कशी लावणार नम्र हाताने?"

आत्या रडायला लागली. डबा मात्र तिने खाली ठेवला.

डब्यात पन्नासेक गोळ्या होत्या. लेकीने परसातली खोली उघडली, पळी आणि बर्नर बाहेर अंगणात आणला, वाऱ्याकडे पाठ केली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि गोळ्या पळीत टाकल्या. त्या फुगल्या, पेटल्या, कडवट दाट धूर सोडत कोळसा झाल्या. निवल्यावर तिने कोळसा चिरडला. आत करडा मणी होता.

काटेमामा ओसरीतून बघत होते.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"बघा हे."

"काय बघू? पळी कुठली आहे ती?"

तिने पळीकडे पाहिलं.

"त्या पळीत मी तीस वर्षं शिसं वितळवलंय. तिच्यात तू भेंडी परतलीस तरी शिसं निघेल. अशी तपासणी असते? तुला मी हेच शिकवलं?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणजे काटेमामा अजून त्या लोंबत्या हातामागे कुठेतरी जागे होते.

"मग कशी करायची, तुम्ही सांगा," ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. बाजारातून दोन कोऱ्या स्टीलच्या वाट्या. एकीत घरी वळलेल्या, तेवढ्याच मापाच्या पिठाच्या पन्नास गोळ्या, दुसरीत हलकेबाबाच्या पन्नास. बर्नर एकच, जाळ एकच, वेळ एकच. पन्नास गोळ्या त्यांनी स्वतःच्या साठ्यातून दिल्या. देताना म्हणाले, "काही निघणार नाही. मग तू माझ्याबरोबर शेडमध्ये येऊन माफी मागायची."

"मागेन."

पिठाच्या वाटीत पांढुरकी राख राहिली, फुंकर मारली तर उडून जाणारी. दुसऱ्या वाटीत राख उडाली आणि मसुराएवढा मणी मागे राहिला.

काटेमामांनी तो डाव्या हाताने उचलला, कारण उजव्याला उचलवेना. अंगठ्याचं नख त्यावर दाबलं, नख रुतलं. मणी कागदावर ओढला. करडी रेघ उमटली. मग त्यांनी लेकीला तो सुरीने कापायला सांगितला. काप चांदीसारखा चमकला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू विटत गेला. या धातूला ते आपल्या बोटांइतकं ओळखत होते. कुणी काही सांगायची गरज नव्हती.

मणी त्यांनी परत वाटीत ठेवला. आत्या दारात उभी होती.

"पोरी," ते म्हणाले, "शेडमध्ये किती लोकांनी माझ्याकडे बघून गोळी तोंडात टाकली असेल?"

"डॉक्टर म्हणाल्या, आज संध्याकाळीच भरती व्हा," ती म्हणाली. "एक दिवसही थांबायचं नाही."

"उद्या रविवार आहे. दुपारी भरती होतो."

"बाबा, ऐका माझं."

"साक्ष मी दिली होती," ते म्हणाले. "ती मागे घ्यायला दुसरा कोण जाणार?"

*

रविवारी शेड नेहमीसारखीच भरली. हलकेबाबाने नेहमीसारखंच विचारलं, काय दुखतं. नेहमीसारखाच हशा झाला. आणि नेहमीसारखीच हाक आली, "काटेमामा, या हो वर."

ते वर गेले, एका बाजूने लेकीने धरलेले, दुसऱ्या बाजूने आत्याने. पायही आता ओढत टाकावा लागत होता. त्यांनी पारड्यांत गोळ्या ठेवल्या नाहीत. टेबलावर कालच्या दोन वाट्या ठेवायला सांगितल्या.

"मी इथे चौदा वेळा वजन केलं," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण पत्र्याच्या शेडमध्ये पोचत होता. "चौदाही वेळा बरोबर सांगितलं. गोळी जडच आहे. पण किती जड एवढंच मी बघितलं. कशाने जड, हे विचारलं नाही. काट्याचा माणूस असून विचारलं नाही. माझी चूक झाली. या गोळीत अफू आहे, म्हणून दुखणं कळत नाही. आणि अफूचं वजन वाढवायला तिच्यात शिसं घातलंय. हे बघा, पन्नास गोळ्यांतून निघालेलं."

"काटेमामा," हलकेबाबा गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या दुकानात शिशाच्या विटा आहेत. हा मणी कुठला, हे कुणी बघितलंय?"

"खरं आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नका," काटेमामा म्हणाले. "मागे ठेवलात तेच चुकलं. ही तिसरी वाटी कोरी आहे, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. बर्नर बाहेर आणलाय. ज्याला वाटतं त्याने आपल्या खिशातल्या गोळ्या काढाव्यात आणि आपल्या हाताने जाळाव्यात. दारं उघडा, धूर घेऊ नका."

कुणी हललं नाही.

"ज्याची श्रद्धा जाते त्याच्या गोळीत शिसंच सापडतं!" हलकेबाबाने आवाज चढवला. "श्रद्धेने बघणाऱ्याला त्यात अमृत दिसेल!"

"अहो, पण मला दुसरंच विचारायचंय," पाववाला उठत म्हणाला. तो आठ जणांपैकी होता. "या ताई डावऱ्या आहेत का?"

"हो," आत्या म्हणाली.

"मी उजवा. आमचा कंडक्टर उजवा, तिकिटाचं यंत्र उजव्या हाताने दाबायचा. ज्याचा जो कामाचा हात, तोच नम्र झाला. मीपणा काय फक्त कामाच्याच हातात राहतो? रिकाम्या हातात नाही?" त्याने हलकेबाबाकडे पाहिलं. "आणि तुम्ही तर सगळ्यांत हलके. तुमचा हात दाखवा की जरा."

हलकेबाबाचे दोन्ही पंजे खुर्चीच्या हातांवर घट्ट होते. तो स्वतःची गोळी कधीच घेत नव्हता.

"बाबा, हात दाखवा!" मागून कुणी ओरडलं. मग आणखी एक. पाववाल्याने खिशातून पुडी काढून वाटीत रिकामी केली, हमालाने त्याच्यात आपली ओतली, कंडक्टरनेही ओतली, आणि वाटी बाहेर नेली. लोक बर्नरभोवती उभे राहिले. या खेपेला कुणी हसत नव्हतं. राखेतून मणी निघाला तेव्हा तो एकेकाच्या तळव्यावरून फिरत गेला, आणि ज्याच्या तळव्यावर यायचा तो माणूस खाली बघायचा, मग आपल्या मनगटाकडे.

मागच्या दाराने निघालेल्या हलकेबाबाला पोलिसांनी तीन दिवसांनी पकडलं. चौकशीत जे बाहेर आलं ते कुणाला अपेक्षित नव्हतं. गोळीत अफू घालणारा तोच होता. शिसं मात्र त्याने घातलं नव्हतं. त्याला अफू विकणाऱ्याने वजन फुगवायला ते मिसळलं होतं, आणि हलकेबाबाला ते माहीतही नव्हतं. गोळी जड लागते एवढं त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने त्या जडपणाची महती रचली. लोकांचे हात लोंबू लागले, त्याचीही रचली. एकही चमत्कार त्याने स्वतः केला नाही. विषाची लक्षणं समोर येत गेली, आणि तो त्यांना नावं देत गेला. दोनशे माणसांना नाव पुरेसं वाटलं.

काटेमामा त्या रविवारी दुपारी भरती झाले. आकडा एकशे सत्तरवर गेला होता. अफू तुटल्याचे हाल वेगळे. अकराव्या दिवशी त्यांना झटके आले. ते सावध असत तेवढ्या वेळात लेक त्यांचा पंजा उशीवर सरळ करून ठेवायची. नर्सने सांगितलं होतं की तसा ठेवला की बोटं आखडत नाहीत. सोळाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "शेडमधले किती आले?"

"चौदा जण," ती म्हणाली. "आत्या शेजारच्या वॉर्डात आहे."

"बाकीचे?"

"येतील."

एकोणिसाव्या दिवशी ते गेले.

आत्याचं डावं मनगट सात महिन्यांनी टेबलावरून दोन बोटं वर उचललं गेलं. ती अजून बाही लावू शकत नाही, पण काजं करते. पाववाला कामावर परतला. कंडक्टरचा हात तसाच आहे, आणि डॉक्टरीणबाईंच्या मते तसाच राहील.

बाकीचे आले नाहीत. काहींना लाज वाटते. काहींना वाटतं, एवढ्या दिवसांत काही झालं नाही, आता काय होणार. आणि काही अजूनही म्हणतात की काटेमामांनी श्रद्धा सोडली म्हणून ते गेले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना एकच सांगायचं आहे, आणि जिथे कुठे अशी शेड भरत असेल तिथल्या प्रत्येकाला. तुमचं दुखणं खरं आहे, त्याची कुणी चेष्टा करत नाही. गोळीने बरं वाटतं हेही खरं आहे. पण देणारा जर तिच्यात काय आहे हे सांगत नसेल, आणि तुम्हीही कुणाला सांगू नका म्हणत असेल, तर ती घेऊन थेट दवाखान्यात जा. आधीच घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, आणि डॉक्टरांपासून लपवू नका. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तरी जा. आईवडील जात नसतील तर तुम्ही बोला. घरची अब्रू म्हणून गप्प बसू नका. तपासणीला चमचाभरही रक्त लागत नाही. सरकारी दवाखाना, तळमजला, चार नंबरची खोली, सकाळी नऊ ते बारा.